पन्नास नॅनोग्रॅम ॲल्युमिनिअमचं तापमान



पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनिअम फॉइलची जाडी साधारण दहा मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्याच जाडीच्या पत्र्यावरचा पन्नास मायक्रॉन व्यासाचा एक ठिपका हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हिशेब केला तर त्याचं वजन पन्नासेक नॅनोग्रॅम भरतं. 2003 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या प्रवेश पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. असा एक ठिपका आपण प्रोटॉनच्या झोतानं 23 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत तापवला, असं त्यात म्हटलं होतं. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे 11,600 केल्विन. म्हणजे अडीच लाख केल्विनच्याही वर. सूर्याचा पृष्ठभाग 5,800 केल्विनवर आहे. आणि एवढं तापमान चढलं त्या क्षणी पत्रा जागच्या जागी होता. वितळून ओघळायला, वाफ होऊन उडायला त्याला सवडच मिळाली नव्हती. घनता तीच, घनसेंटिमीटरला 2.7 ग्रॅम.

अशा द्रव्याला वॉर्म डेन्स मॅटर म्हणतात. आपण आज त्याला तप्त-दाट द्रव्य म्हणू या. मला दोन गोष्टींबद्दल बोलायचं आहे. एक, हे बनवतात कसं. दुसरी, तो 23 हा आकडा आला कुठून. पहिल्या गोष्टीत चमत्कार पुष्कळ आहेत, वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्याही तिच्याच. माझं मन मात्र दुसरीत जास्त रमतं. या क्षेत्रात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बनवण्याची अडचण बरीचशी सुटली आहे. आपण काय बनवलं हे ओळखण्याची अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

आधी या द्रव्याचं दुखणं काय ते समजून घेऊ. भौतिकशास्त्रात धातूचं पुस्तक वेगळं आणि प्लाझ्माचं पुस्तक वेगळं. धातूच्या पुस्तकात अणुकेंद्रकं ओळीनं आपापल्या जागी उभी असतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन पुंजयामिकीचे नियम पाळत त्यांच्यामधून हिंडतात. तिथे तापमान हा किरकोळ विषय असतो. ॲल्युमिनिअमच्या इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा, म्हणजे शून्य तापमानालाही त्यांच्याकडे असणारी कमाल ऊर्जा, 11.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तापमानाच्या भाषेत सव्वा लाख केल्विनच्या पुढे. त्यापुढे खोलीचे 300 केल्विन म्हणजे काहीच नाही. त्यामुळे धातूचा अभ्यासक तापमान जवळजवळ शून्य मानून चालतो आणि त्याचं फारसं बिघडत नाही. प्लाझ्माच्या पुस्तकात उलटं असतं. तिथे तापमानच सर्वेसर्वा, कण विरळ, एकमेकांशी ओढाताण नावापुरती. ती ओढाताण लहानशी दुरुस्ती म्हणून शेवटी मिळवली की काम भागतं.

आता आपला ठिपका घ्या. तापमान 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात, फर्मी ऊर्जा 12 च्या घरात, आणि शेजारच्या दोन आयनांमधली विद्युत ऊर्जाही त्याच मापाची, किंबहुना जरा वरचढ. तिन्ही आकडे खांद्याला खांदा लावून उभे. सिद्धांत मांडणाऱ्याची सगळी कला कशाकडे दुर्लक्ष करायचं हे ठरवण्यात असते. इथे दुर्लक्ष करण्याजोगं काहीच सापडत नाही. संगणकावर सोडवायला घेतलं तर जितकं तापमान जास्त तितक्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्था जास्त धराव्या लागतात आणि गणिताचा खर्च भराभर चढत जातो.

या गुंत्याची पहिली चाहूल ज्यांना लागली त्यांत एक नाव आपल्याकडचं आहे. 1920 साली मेघनाद साहांनी आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं. दिलेल्या तापमानाला आणि दाबाला वायूतले किती अणू आयन होतील हे त्यातून निघतं, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ त्यामुळे लागला. त्या समीकरणानुसार दाब वाढवला की आयनीभवन कमी होतं, कारण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा पकडायला शेजारी कुणीतरी असतंच. विरळ वायूला हे अगदी खरं आहे. पण दाब वाढवतच नेला तर? 1938 साली दौलतसिंह कोठारी यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाबामुळे होणाऱ्या आयनीभवनाचा सिद्धांत मांडला. अणू एकमेकांत इतके दाटले की इलेक्ट्रॉनला कुठल्या एका अणूचा म्हणणंच अशक्य होतं आणि मग तापमान शून्य असलं तरी तो सुटतो. म्हणजे साहांच्या समीकरणात जो दाब आयनीभवनाच्या आड येतो तोच पुढे जाऊन ते घडवून आणतो. कोठारी हे अलाहाबादला साहांचेच विद्यार्थी. त्यांच्या सिद्धांतातून असंही निघालं की थंड पिंडाच्या आकाराला कमाल मर्यादा आहे आणि ती गुरूच्या आसपास पडते. त्याहून जास्त वस्तुमान घातलं तर पिंड फुगण्याऐवजी आकसू लागतो. आपल्यापैकी बहुतेकांना कोठारी हे नाव शिक्षण आयोगामुळे माहीत असतं. बी.एड.च्या परीक्षेत त्यांच्यावर हमखास प्रश्न येतो. त्या आयोगाचे अध्यक्ष मुळात गुरूच्या पोटात काय चाललंय याचा विचार करणारे गृहस्थ होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

गुरूचं नाव निघालंच आहे. हायड्रोजन पुरेसा दाबला तर धातू होईल, असं विगनर आणि हंटिंग्टन यांनी 1935 साली सांगून ठेवलं होतं. गुरूच्या अंतर्भागात दहा-वीस लाख वातावरणांच्या दाबापलीकडे हायड्रोजन खरोखरच वीज वाहणारा द्रव असतो आणि त्या ग्रहाचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र तिथूनच निपजतं. 2016 पासून जूनो हे यान गुरूभोवती फिरत आहे. त्यानं मोजलेल्या गुरुत्वाकर्षणावरून दिसतं की या ग्रहाचा गाभा म्हणजे धोंड्यासारखा टणक गोळा नव्हे. त्याची कडा पसरट आहे, जड मूलद्रव्यं वरच्या हायड्रोजनमध्ये मिसळत गेलेली आहेत. मात्र यान मोजतं फक्त गुरुत्वाकर्षण. त्यावरून आत काय आहे ते ठरवायला दाब, घनता आणि तापमान यांचं नातं लागतं. त्या नात्यात काही टक्क्यांची चूक झाली तर गाभ्याच्या वस्तुमानाचा हिशेब पृथ्वीच्या कितीतरी पटींनी इकडचा तिकडे होतो. आणि ते नातं तप्त-दाट द्रव्याचं आहे. लेसरनं इंधनाची गोळी चेचून संमीलन घडवतात तिथेही हेच. 5 डिसेंबर 2022 रोजी लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जा घालून 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. ती गोळी थंडगार स्थितीतून ताऱ्याच्या तापमानाला पोहोचते तेव्हा वाटेत याच प्रदेशातून जाते. स्वस्त विजेच्या गप्पा मात्र आज मी मारणार नाही. भिंतीतल्या प्लगपासून हिशेब धरला तर तो प्रयोग अजून फार तोट्यात आहे.

आता बनवण्याकडे वळू. पत्रा तापवायचाच आहे तर लेसर सरळ त्याच्यावरच का मारू नये? कारण धातूत प्रकाश शिरतो तो दहा-वीस नॅनोमीटर, बस्स. निखाऱ्यावर वांगं ठेवलं आणि आच एकदम वाढवली तर साल करपतं आणि गर कच्चा राहतो, तसं होतं. वरचा थर लाखो अंशांवर जाऊन उडून जातो, तळाला पत्ता नसतो. अशा नमुन्याचं एक तापमान नसतंच, मग मोजायचं काय? दुसरा मार्ग म्हणजे आघात तरंग सोडणं. तो मार्ग उत्तम आहे, गुरूविषयीचं आपलं पुष्कळ ज्ञान त्यातूनच आलं आहे. पण आघातात घनता आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एका आघातानं एका ठरावीक रेषेवरच्या अवस्था मिळतात. रेषेच्या बाहेरचा मुलूख हवा असेल तर तिथे जायला दुसरी वाट लागते.

हवं असतं ते असं: पत्रा पूर्ण जाडीभर सारखा तापावा आणि पसरायच्या आत तापावा. 20 इलेक्ट्रॉन-व्होल्टला ॲल्युमिनिअम सेकंदाला साधारण वीस किलोमीटर वेगानं पसरायला लागतं. ऐकायला भयंकर, पण दहा पिकोसेकंदांत ते होतात जेमतेम 0.2 मायक्रॉन. दहा मायक्रॉन जाडीच्या पत्र्याला एवढ्यानं काही फरक पडत नाही. म्हणजे दहा-वीस पिकोसेकंदांत काम उरकलं तर घनता हलत नाही.

इथे प्रोटॉन कामाला येतो. तो द्रव्यात शिरला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत हळूहळू मंदावतो आणि जितका मंद तितका प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ जास्त वेळ घालवतो. म्हणून सगळ्यात जास्त ऊर्जा तो थांबण्याच्या जरासं आधी टाकतो. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असताना, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, अल्फा कणांच्या बाबतीत हे दाखवलं. आज त्या शिखराला त्यांचंच नाव आहे. नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून कर्करोगावर प्रोटॉननं उपचार होतात ते याच शिखराच्या भरवशावर. झोताची ऊर्जा अशी निवडायची की शिखर गाठीत पडेल आणि पलीकडचा निरोगी भाग वाचेल. आपल्या कामाला मात्र एकच टोकदार शिखर नको असतं. ॲल्युमिनिअममध्ये 1 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन चौदाएक मायक्रॉन जातो आणि थांबतो. 10 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आपल्या दहा मायक्रॉनच्या पत्र्यातून आरपार जातो आणि जाताना ऊर्जेचा जेमतेम शंभरावा भाग ठेवून जातो. लहान-मोठ्या ऊर्जांचे प्रोटॉन मिसळून एकदम आले की कुणी वर सोडतो, कुणी मध्ये, कुणी तळाशी, आणि एकूण तापणं बऱ्यापैकी सारखं होतं. असा मिसळलेला, दाट आणि क्षणिक झोत नेहमीच्या त्वरकातून मिळणं अवघड. तो लेसरमधून मिळतो.

कसा मिळतो ती हकिकत मजेची आहे. 1985 साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग वर्धित करायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा ही युक्ती काढली. 2018 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. या युक्तीमुळे अगदी थोडी ऊर्जा अगदी थोड्या वेळात कोंबता येऊ लागली. पटेल यांच्या प्रयोगातला लेसर 10 ज्यूलचा होता. किलोभर वजन मीटरभर उचलायला लागते साधारण तेवढीच ऊर्जा. पण ती 100 फेम्टोसेकंदांत सोडली की शक्ती होते 100 टेरावॉट. जगातली सगळी वीजकेंद्रं मिळून सरासरी जेवढी शक्ती देतात तिच्या तीसेक पट.

असा स्पंद पातळ पत्र्यावर पडला की समोरच्या बाजूचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं आत घुसतात आणि मागून बाहेर पडतात. पहिले थोडे निसटतात. बाकीच्यांना धनभारित झालेला पत्रा मागे खेचतो. ते मागच्या पृष्ठभागाला लगटून, काही मायक्रॉन जाडीचा ढग करून राहतात. ढग आणि पत्रा यांच्यामध्ये मीटरला 10,00,00,00,00,000 व्होल्ट एवढं विद्युत क्षेत्र उभं राहतं. हवेत ठिणगी पडायला मीटरला तीस लाख पुरतात. त्या क्षेत्रात प्रोटॉन नुसता दहा मायक्रॉन सरकला तरी 10 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट कमावतो.

पण प्रोटॉन येतो कुठून? पत्रा सोन्याचा असो वा ॲल्युमिनिअमचा, त्यात हायड्रोजन नाही. 2000 सालाच्या सुमारास जगात तीन-चार ठिकाणी हे प्रोटॉन दिसले. लिव्हरमोरच्या नोव्हा पेटावॉट लेसरवर स्नेव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर 58 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे प्रोटॉन मिळाले, आणि लेसरच्या ऊर्जेपैकी सुमारे 12 टक्के ऊर्जा त्यांच्याकडे गेलेली दिसली. हे प्रोटॉन येतात मळातून. निर्वात कक्षात कितीही काळजी घेतली तरी पत्र्याच्या पाठीवर पाण्याच्या वाफेचा, पंपाच्या तेलाचा काही नॅनोमीटरचा थर बसतोच. पाणी आणि तेल दोन्हींत हायड्रोजन भरपूर, आणि तोच सगळ्यात हलका म्हणून सगळ्यांच्या आधी पळतो. पुढे काहींनी पत्रा आधी तापवून हा थर उडवून दिला. तेव्हा प्रोटॉन घटले आणि कार्बन, फ्लोरिनसारखे जड आयन धावू लागले. निर्वात कक्ष घासूनपुसून ठेवण्यात ज्यांची उमेदीची वर्षं जातात त्यांना या प्रकरणात नियतीची थट्टा दिसली तर नवल नाही.

पटेल यांच्या गटानं आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रोटॉन पत्र्याच्या पाठीला काटकोनात निघतात. मग पाठच वाटीसारखी अर्धगोल केली तर? प्रोटॉन वाटीच्या केंद्राकडे एकवटतील. सपाट पत्र्यातून निघालेल्या झोतानं समोरचा नमुना 4 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत तापला होता. वाटी वापरल्यावर तो 23 वर गेला. वाटी म्हणजे तरी केवढी, मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ती इतकी लहान का, याचं एक कारण सोपं आहे. वेगवेगळ्या ऊर्जांचे प्रोटॉन एकाच वेळी निघतात पण एकाच वेळी पोहोचत नाहीत. 10 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पिकोसेकंदाला 43 मायक्रॉन जातो, 1 चा 14 मायक्रॉन. नमुना 300 मायक्रॉनवर असेल तर पहिला सात पिकोसेकंदांत येतो, दुसरा एकवीस-बावीसमध्ये. एवढा फरक चालतो. नमुना सेंटिमीटरभर दूर ठेवलात तर दोघांमध्ये सुमारे पाचशे पिकोसेकंदांचं अंतर पडतं. मागून येणाऱ्या प्रोटॉनला समोर घन पत्रा मिळत नाही, पसरत चाललेला ढग मिळतो. म्हणून सगळा मामला केसाच्या अंतरावर मांडावा लागतो. आणि एवढ्या जवळ असलं की लेसरचा भटका प्रकाश, क्ष-किरण आणि वाट चुकलेले इलेक्ट्रॉनही नमुन्यावर येऊन पडतात. त्यांना अडवणं ही वेगळी डोकेदुखी.

आता त्या 23 कडे येऊ.

अडीच लाख अंशांवरच्या, काही पिकोसेकंद टिकणाऱ्या, केसाहून पातळ ठिपक्यात तापमापी खुपसता येत नाही. पटेल यांनी केलं ते असं. पत्र्याच्या मागच्या बाजूचा प्रकाश एका स्ट्रीक कॅमेऱ्यावर घेतला. हा कॅमेरा प्रकाशाची वेळ जागेत उलगडून दाखवतो, पट्टीवर वर-खाली जागा आणि डावीकडून उजवीकडे काळ. तापलेली वस्तू किती उजळ आहे त्यावरून तापमान काढायचं. भट्टीवर काम करणारा लोहार लोखंडाचा रंग पाहून ओळखतो त्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती. पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेर येतो तो फक्त वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातून. आणि सगळ्यात आधी पसरणारा, सगळ्यात आधी निवणारा थर नेमका तोच. म्हणजे आपल्याला आतलं तापमान हवं असतं आणि दिसतं सालीचं. साल कशी पसरते आणि त्यातून प्रकाश कसा सुटतो याचं गणित संगणकावर मांडायचं, आतलं तापमान गृहीत धरायचं आणि गणितातला उजेड कॅमेऱ्यातल्या उजेडाशी जुळेपर्यंत ते बदलत राहायचं. 23 हा अशा जुळवणीतून आलेला आकडा आहे. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, काम अतिशय नेटकं आहे. पण त्या गणितात दाब आणि तापमानाचं जे नातं वापरलं, ते तपासावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता.

दुसरी वाट म्हणजे प्रोटॉनकडूनच हिशेब घेणं. झोताच्या वाटेत खास फिल्मची चळत ठेवतात. किरणोत्सार लागला की ती निळी पडते, रुग्णालयांत किरणोपचाराची मात्रा तपासायलाही वापरतात. पहिल्या फिल्मपर्यंत कमी ऊर्जेचे प्रोटॉन पोहोचतात, शेवटच्यापर्यंत फक्त जोरकस. प्रत्येक फिल्मचा निळेपणा मोजला की किती ऊर्जेचे किती प्रोटॉन होते ते कळतं. मग पत्र्यात किती ऊर्जा पडली हे सरळ काढता येईल, नाही का? येईल, पण प्रोटॉन किती मंदावतो हे ठाऊक असेल तर. थंड ॲल्युमिनिअममधला मंदावण्याचा दर आपल्याला उत्तम माहीत आहे, तक्ते छापलेले आहेत. पत्रा तापत गेला की त्यातले इलेक्ट्रॉन बदलतात आणि तक्ता जुना होतो. झोताची शेपटी ज्या द्रव्यात शिरते ते झोताच्या डोक्यानं आधीच पालटून टाकलेलं असतं.

या वर्तुळातून सुटायचं तर मंदावण्याचा दर स्वतंत्रपणे मोजायला हवा. 2015 साली रोचेस्टरच्या ओमेगा लेसरवर तप्त-दाट बेरिलियममध्ये तो मोजला गेला. पण तिथले प्रोटॉन खूप वेगवान होते, आणि वेगवान प्रोटॉनच्या बाबतीत सगळे सिद्धांत जवळजवळ एकच उत्तर देतात. खरी भांडणं होतात ती प्रोटॉनचा वेग इलेक्ट्रॉनांच्या वेगाच्या जवळ येतो तेव्हा. 2022 साली स्पेनमध्ये सालामांका इथल्या वेगा लेसरवर झालेल्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एका लेसर स्पंदानं कार्बनचा पत्रा तापवला, दुसऱ्यानं प्रोटॉन काढले, चुंबक आणि फटीतून गाळून अर्ध्या मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे तेवढे निवडले आणि त्या तापलेल्या कार्बनमधून सोडले. जुनी अभिजात सूत्रं इथे तोकडी पडली. इलेक्ट्रॉनांच्या हालचालीचं कालानुसार पुंजगणित मांडणारे हिशेब जवळ आले. माझ्या मते या विषयातला अलीकडचा हा सगळ्यात कामाचा प्रयोग आहे, जरी त्यात कुठलाही विक्रम मोडलेला नाही.

तिसरी वाट क्ष-किरणांची. दृश्य प्रकाश सालीपाशी अडतो, क्ष-किरण आरपार जातात. त्यातले थोडे इलेक्ट्रॉनांवर आपटून विखुरतात आणि विखुरताना त्यांची ऊर्जा थोडी बदलते. इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक कंपनाला ऊर्जा देऊन येणारा क्ष-किरण कमी ऊर्जेचा होतो, कंपनाकडून घेऊन येणारा जास्त ऊर्जेचा. देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या संख्येचं गुणोत्तर फक्त तापमानावर ठरतं. इथे मधलं गणित लागत नाही, गुणोत्तरातून तापमान थेट निघतं, निदान द्रव्य समतोलात असेल तोवर. अडचण एवढीच की घेणारे फार थोडे असतात आणि ते मोजायला प्रखर, एकाच रंगाचा क्ष-किरण स्रोत लागतो. प्रोटॉननं तापवलेल्या नमुन्यांवर क्ष-किरणांचे प्रयोग 2010 साली दोन ठिकाणी प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या व्हल्कन लेसरवर ग्रॅफाइटचा किती भाग वितळला ते विखुरलेल्या क्ष-किरणांवरून काढलं. फ्रान्समध्ये ॲल्युमिनिअमनं शोषलेल्या क्ष-किरणांच्या वर्णपटातली नक्षी पाहिली. अणू ओळीत असेपर्यंत ती नक्षी दिसते, ओळ मोडली की पुसली जाते, आणि ती पिकोसेकंदांच्या मापात पुसली जाताना दिसली.

यात आणखी एक पेच आहे. प्रोटॉन ऊर्जा देतो ती इलेक्ट्रॉनांना. आयन आधी थंडच असतात. इलेक्ट्रॉनांकडून त्यांच्याकडे उष्णता झिरपायला काही पिकोसेकंद लागतात, कधी काही दहा. त्या काळात पत्र्याला एक तापमान नसतं, दोन असतात. 23 हे त्यातलं कुणाचं? उजेडाचं गणित इलेक्ट्रॉनांविषयी बोलतं. आयनांचं तापमान स्वतंत्रपणे मोजायची सोय कित्येक वर्षं नव्हती. 2025 साली स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर पन्नास नॅनोमीटरच्या सोन्याच्या पापुद्र्यावर, प्रोटॉननं नव्हे तर लेसरनं तापवलेल्या, ती झाली. अणूंच्या धावपळीमुळे विखुरलेल्या क्ष-किरणांची रेघ किती रुंदावते ते मोजलं. सोन्याचा वितळणबिंदू 1,337 केल्विन. मोजलेलं तापमान निघालं 19,000 केल्विन, आणि सोनं अजून स्फटिकच होतं, निदान पिकोसेकंद-दोन पिकोसेकंद. वितळणबिंदूच्या तिपटीपलीकडे घन टिकूच शकत नाही, असं 1988 पासून मानत आले होते. पसरायला वेळच दिला नाही तर ती मर्यादा लागू होत नाही, असं आता दिसतं.

आणि जिथे तापमानाबद्दल वाद नसतो तिथेही एकमत होईलच असं नाही. दाटीमुळे अणूतला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा किती कमी होते, हा कोठारींचाच प्रश्न. त्यासाठी साठच्या दशकातली दोन सूत्रं आहेत, एक एकर आणि क्रॉल यांचं, दुसरं स्ट्युअर्ट आणि पायट यांचं. 2012 साली स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर ॲल्युमिनिअम तापवून मोजलं, तर पहिलं जुळलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ओरायन लेसरवर ॲल्युमिनिअमच दाबून तापवलं, तर दुसरं जास्त जुळलं. तेव्हापासून नवी सूत्रं आली, जुन्यांना ठिगळं लागली. माझा कल असा आहे की दोन्ही सूत्रं एकेका कोपऱ्यापुरतीच बरी आहेत.

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत शंभर टेरावॉटच्या वर्गातला लेसर आहे, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात दीडशेचा. प्रोटॉनला ढकलणारे ते वेगवान इलेक्ट्रॉन पत्र्यातून जाताना प्रचंड चुंबकीय क्षेत्रं उभी करतात. ती क्षेत्रं पिकोसेकंदागणिक कशी वाढतात आणि विस्कटतात हे कुलाब्यात मोजलं गेलं. प्रोटॉनचा झोत पुढे किती स्वच्छ निघेल हे त्या इलेक्ट्रॉनांच्या वाटचालीवरच ठरतं.

पुढचं पाऊल कोणतं असावं याबद्दल फारसा मतभेद नाही. सोन्यावर वापरलेली मोजणी प्रोटॉननं तापवलेल्या जाड नमुन्यावर करायची. तिथे इलेक्ट्रॉनांचं आणि आयनांचं तापमान एकाच फटक्यात, एकाच नमुन्यात, कुठलंही सूत्र आधी गृहीत न धरता मिळायला हवं. त्यासाठी क्ष-किरण लेसर आणि शेकडो टेरावॉटचा लेसर एकाच कक्षात लागतात. हॅम्बर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी आहेत. अडचण उरते ती प्रोटॉनच्या झोताची. तो प्रत्येक फटक्याला थोडा वेगळा निघतो, कारण मागच्या पृष्ठभागावरचा मळाचा थर दर वेळी सारखा नसतो. म्हणून हल्ली पत्र्याऐवजी गोठवलेल्या हायड्रोजनची बारीक धार किंवा पाण्याचा पातळ पडदा वापरून पाहतात. म्हणजे प्रोटॉनचा स्रोत दर फटक्याला नवा आणि सारखा. त्यात किती यश येतं यावर ही मोजणी अवलंबून आहे.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या. गुरूबद्दल विचारलंत तरी चालेल, वीज कधी स्वस्त होणार हे मात्र विचारू नका.